सव्वा घमेलं कोळसा

सही करत नाही असं कुठं म्हटलं मी? प्रसूतिगृहाच्या कमिटीचा हा कागद वाचू तर द्याल, किसनराव? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडका आहे — पडाल आणि तेही कुणाच्या तरी माथी माराल, कमिटीच्या कारकुनाला ते काम चांगलं जमतं. ताराचंदशेठ स्वतः का नाही आले? थंडी वाजते? वाजणारच, प्रसूतिगृह बांधणाऱ्याला थंडी वाजते, मला नाही वाजत.

हं. ‘प्राध्यापकसाहेबांचं गणित अचूक होतं.’ होतंच! तोंड वाकडं कशाला करता? तुम्हाला कळलं तरी होतं का ते? दिवसाला चार घमेली कोळसा जळायचा बाळंतिणींच्या खोलीत, शेठजी म्हणाले, एवढा कसा जळतो — मी म्हटलं, जळणारच, तुम्ही खोली नाही, सेलूचं आभाळ तापवता. भिंतीत वर सहा झरोके. तापलेली हवा तिथून बाहेर, गार हवा दाराखालून आत, आणि कोळसा पुन्हा पहिल्यापासून कामाला. दिवाळीनंतर खोली रिकामी होती तेव्हा मी उदबत्ती लावून बसलो, घड्याळ हातात, धूर किती वेळात निघून जातो ते तीन दिवस पाहिलं! निम्मी ऊब भिंती-छतातून जाते, निम्मी हवेबरोबर. सहातले चार झरोके बंद केले तर हवेची जाणारी ऊब दोन-तृतीयांश वाचते, म्हणजे एकूण एक-तृतीयांश, म्हणजे सव्वा घमेलं. थोडं जास्तच, पण मी सव्वाच म्हटलं. मी वाढवून सांगत नाही. एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, कधी वाढवून सांगितलं नाही.

आणि वाचलं की नाही सव्वा घमेलं? वाचलं! डिसेंबरभर वाचलं. मग?

पुढं काय लिहिलंय — ‘दाई देवकाबाई हिच्या निष्काळजीपणामुळं...’ थांबा. निष्काळजीपणा कसला? त्या सकाळी ती आली, खोलीतल्या आठही बाळंतिणी खाटांवर निपचित, लेकरं रडत नाहीत — तिनं मुसळानं झरोक्याच्या फळ्या फोडल्या, एकेकीला ओढत अंगणात आणलं. तुम्ही कुठं होतात? घरी चहा पीत. मीही घरी होतो, ते विचारू नका. त्यांतली जयवंता अजून वर्ध्याच्या दवाखान्यात आहे, स्वतःचं लेकरू ओळखत नाही म्हणतात. आणि कामावरून काढायचं कुणाला, तर देवकाबाईला! का, तर खाटेखाली शेगड्या ठेवू दिल्या म्हणून?

अहो, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी नसते कुठं? तुमच्या बायकोच्या नव्हती? माझ्या... मला माहीत नाही. सुलोचनाची दोन्ही बाळंतपणं माहेरी, आर्वीला झाली. मी गेलो ते बाराव्या दिवशी, पेढे घेऊन, आणि ओसरीवर बसलो. आतल्या खोलीत पुरुषमाणूस जातो का? नाही जात. मग मला कसं कळावं? दोन मोठ्या शेगड्या खोलीच्या, तेवढ्या मी धरल्या, तेवढ्यांना दोन झरोके पुरे होते. पुरे आहेत. काल गणित पुन्हा करून पाहिलं, परवाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही — हे मी पोरांना शिकवायचो हो! पण प्रत्येकीच्या घरून एक शेगडी येणार, ओवा-शेपाची धुरी होणार — रिकाम्या खोलीत ते दिसतं का? रिकामी खोली मोजली मी. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, वाकून, गुडघे टेकून. खाटेखाली राखेची वर्तुळं. आठ. तीनदा मोजली, आठच.

नाही, कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? सुतार झरोक्यांना फळ्या ठोकत होता तेव्हा देवकाबाई आली होती, पदरानं हात पुसत — ‘साहेब, हे बंद नोका करू. बायाइच्या खाटीखाली शेगड्या रायतेत, थ्या मोजल्या का तुमी?’ मी म्हटलं, बाई, तू पोतेरं घाल. सुतार हसला. मीही हसलो असेन.

काय पाहता? आता नाही ना तोंड वाकडं होत? हे शेठजींना सांगाल, माहीत आहे मला, सांगाच. नाही तर नका सांगू — तुमच्यावर भरवसा नाही माझा. द्या इकडे पेन. तुमच्या मजकुराखाली नाही, पाठीमागं लिहितो, पाठीमागं जागा आहे. ‘गणितात आठ शेगड्या धरल्या नाहीत. देवकाबाईनं सांगितलं असूनही.’ अक्षर नीट येत नाही. ‘सांगितलं असूनही’ — वाचता येतंय?

मग उठा. निघा.