चहा केला, एवढंच लिही

— करते गं, करते, चहाच करायचाय ना, त्यात काय मोठंसं! पण आधी दवाखान्यातला माझा तो पेपर बघ — शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले, तर मी अशी सुटले की डॉक्टरांना म्हणावं लागलं, पुरे आजी, थांबा आता. थांबा म्हणावं लागलं त्यांना! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं आयुष्य माझं, अख्ख्या गावाचे नंबर तोंडपाठ होते — अजूनही आहेत, कुठला पाहिजे बोल. आणि आमच्या जाऊबाई — आत्ता तुझ्याकडून शाबासकी घेऊन कपडे वाळत घालायला गेल्या त्या — त्यांना विचारलं, आज वार कोणता, तर म्हणतात, "असेल की कुठलातरी, रोज एक असतोच." आणि हसल्या. डॉक्टरही हसले, नर्सही हसली. पैकीच्या पैकी मार्क मला आणि कौतुक कोणाचं? त्यांचं. हे असंच चालत आलंय बघ, मी या घरात आले तेव्हापासून. सासूबाईंना भाजी त्यांच्या हातची, दिरांचं सोड, पण आमच्या ह्यांनासुद्धा बटण तुटलं की वहिनी आठवायची. माझा स्वतःचा मुलगा — माझा, बरं का — घरात पाऊल टाकलं की आधी मोठ्या आईच्या खोलीत. मग माझ्याकडे. आणि माझ्याकडे येऊन विचारणार काय, तर मोठी आई जेवते ना नीट?

आता आमचे हे आणि दीर, दोघेही भाऊ गेले, राहिलो आम्ही दोघी, आणि मुलांनी आपापसात ठरवलंय — डॉक्टरांनी तुला घरी तपासायला पाठवलं तेव्हा सांगितलं असेलच — की जिचं तिला करता येतं तिने या घरात राहायचं, जिला येत नाही तिची वृद्धाश्रमात सोय करायची. मी म्हटलं, ठरवा की! मला कशाला भीती? वार माहीत नाही ती कोण आणि माहीत आहे ती कोण, हे काय सांगायला पाहिजे? तर तू आलीस, म्हणे पेपर वेगळा आणि घर वेगळं, मला चहा करून दाखवा. बरं, दाखवा तर दाखवा, पण मग नियमाने तरी. मघाशी जाऊबाईंचा हात फळीवर गेला, चहाचा डबा नाही. मी दारात श्वास रोखून उभी — आता अडल्या, म्हटलं, आता कळेल हिला. त्यांचं सगळं जागेवर चालतं ना, जागा हलली की संपलं. तर वाटी उचलली आणि निघाल्या समोरच्या शिंप्याकडे, चिमूटभर पावडर मागायला! आणि तू मान डोलावलीस! अगं, परीक्षेत शेजाऱ्याचं मागण्याला आमच्या वेळी कॉपी म्हणायचे. तुमच्यात त्याला हुशारी म्हणतात वाटतं?

डबा? डबा कुठे म्हणून काय विचारतेस, आहे की — माझ्या कपाटात, वरच्या खणात, शालींच्या मागे —

अशी बघू नकोस. मुंग्या होतात फळीवर. म्हणून ठेवला. सकाळीच ठेवला, सहज. लक्षात आहे ना माझ्या? बघ, लक्षात आहे. त्याचे नाही का मार्क?

बरं, हे पातेलं ठेवलं. आता पाणी, साखर, पावडर, उकळी, मग दूध — सांगितलं की नाही बिनचूक? उलटं सांगू? मग झालं तर, प्रत्यक्ष करायलाच कशाला पाहिजे? रोज करतेच की मी. रोज सकाळी जाऊबाई ओट्यावर मांडून ठेवतात — पातेलं, त्याच्या शेजारी पाणी, मग साखर, मग पावडर, अशी ओळ — आणि मी आपली एकेक उचलत जाते. — म्हणजे, त्यांना सवय आहे मांडायची. मी नाही सांगितलं त्यांना. एकदा मी नुसतीच उभी होते इथे, पातेल्याकडे बघत, त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मांडायला लागल्या. सगळं माहीत असतं गं मला! पण सुरुवात कुठून, तेच हाताला सापडत नाही. आणि त्यांना माझं नावसुद्धा सापडत नाही, "अगं ए" म्हणतात, आणि हात बघावा तर — जळते मी त्यांच्यावर. हो, जळते. डोकं माझं चालतं आणि दिवस त्यांचा चालतो, हा कुठला न्याय?

वास? कसला वास? लावलाय की मी गॅस, बटण तर फिरवलं, काडी — काडी ओढायची राहिली वाटतं —

आल्या बघ. मी हाक मारली होती का? नाक तेवढं तिखट! बटण बंद केलं, खिडकी उघडली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि आता काय चाललंय — जाऊबाई, ही बाई तपासायला आलीय, तिच्यासमोर नका ना मांडू! — नाही ऐकत. पाणी. साखर. ती शिंप्याची वाटी. दूध. काडीसुद्धा ओढून दिली. आणि यांनाच मी आज इथून घालवायला —

राहू दे. उकळलं बघ. गाळते, तेवढं मी गाळते. हा तुझा कप. जाऊबाई, हा तुमचा.

आता लिही. चहा केला, एवढंच लिही. कोणी केला, असं विचारलंय का तुझ्या कागदावर? नाही ना? मग पी आणि ऊठ, पोरी, फार वेळ झाला तुला. दार ओढून घे जाताना.

तुम्ही कुठे उठलात, जाऊबाई? तुम्ही बसा.