डावखुरा जोड

रविवारी सकाळी केपटाऊनच्या आमच्या गल्लीत कुसिस्टरसाठी, पाकात घोळलेल्या तळीव गोड वड्यांसाठी, रांग लागते. माझ्या पुढे गासांतचाचा आणि फाल्दीला नावाची त्यांची लेक असे दोघे उभे होते. समुद्रतळाच्या केबली दुरुस्त करणाऱ्या जहाजावरून ती कालच परतलेली. चाचांची सारी नोकरी त्याच जहाजावर केबली जोडण्यात गेलेली.

“बाबा, तुमचा एक जोड वर आला.”

“माझाच कशावरून?”

“डांबरी सुतळी उलट्या वळणाने गुंडाळलेली. तुमच्याशिवाय डावखुरं होतं कोण?”

“तुटला म्हणजे. गेली अब्रू! अगं, चांगला जोड एकदा पाण्यात गेला की पुन्हा दिसतच नाही.”

“आधी ऐका तरी!”

“काय ऐकू? खाल्ला ना पाण्याने?”

“कुणाच्या तरी नांगराने केबल ओढली. ती तुटली जोडाच्या पलीकडे. तुमचा जोड जसाच्या तसा.”

“तपासलास?”

“दोनदा. कप्तान म्हणाले, म्हाताऱ्याचा जोड कापायचा नाही. मग त्याच्या पुढेच नवी केबल जोडली.”

“जोडली कुणी?”

“मी.”

“हात थरथरला?”

“त्या दिवशी कॉफीला शिवले नाही. तुम्हीच शिकवलंत ना!”

“आणि पाण्यात सोडताना?”

“तुमचा जोड आधी उतरला, पाठोपाठ माझा. बापामागून लेक चालावी तसे गेले.”

“चाचा, तुमचा नंबर!” कुसिस्टरवालीने हाक दिली. “नेहमीसारखे सहाच ना?”

“डझन दे. खोबरं जास्त भुरभुर.”

“कुणी पाहुणे येणार?”

“नाही गं.” चाचा लेकीकडे वळले. “पोरी, आता ते दोन्ही जोड कुणाच्या नजरेला पडू नयेत.”

“नाही पडायचे, बाबा.”