पोस्टरवरचं बाळ

(उझबेकिस्तानातलं मर्गिलान. बाजारामागच्या मैदानात सर्कशीचा दोर ताणून झालाय. ढोल अजून वाजायचाय.)

मुकद्दस : पुन्हा सांगा. नीट ऐकू दे मला, काय छापलंय ते.

एर्गश : अगं, दोरावर बाई. एवढंच.

मुकद्दस : आणि बाईच्या पाठीला?

एर्गश : ...बाळ.

मुकद्दस : कुणाचं बाळ, पुलातचे बाबा?

एर्गश : खाली तुझं नाव आहे, लोक आपलंच समजणार. छापखानेवाला मागेच लागला होता, चित्र द्या, चित्र द्या. आईच्या पेटीत तिचं जुनं पोस्टर होतं, तेच दिलं. म्हटलं, नाव तेवढं बदला.

मुकद्दस : बाळ कोण काढणार होतं? गावभर भिंतींवर चिकटवून आलात, तेव्हाही दिसलं नाही?

एर्गश : दिसलं की. छान दिसत होतं.

मुकद्दस : ऐकलंत, आई? छान दिसत होतं म्हणे!

सलोमत : ऐकतेय. गाजरं चिरतेय पुलावाची, कान नाही चिरले माझे.

एर्गश : चहाखान्यात सगळे तेच बोलतायत. आणि माझ्या बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. भिंतीवर लावलं ते दोरावर दाखवायचंच.

मुकद्दस : मी डोळे बांधून चालेन, पायाखाली परात घेऊन चालेन. पण माझ्या तान्ह्या पुलातला घेऊन एक पाऊल टाकणार नाही!

एर्गश : मी नाही का गेलो? सहा महिन्यांचा होतो. आईच्या पाठीवर, याच मैदानात. रडलोसुद्धा नाही. अजून आठवतं, खाली नुसत्या टोप्याच टोप्या!

मुकद्दस : ते आठवतं, आणि लंगोट वाळत घालायचे आठवत नाहीत!

सलोमत : एर्गश, पुरे आता.

एर्गश : पुरे काय? तूच सांग ना हिला.

सलोमत : खरबूज होतं.

एर्गश : कुठे?

सलोमत : माझ्या पाठीवर. दुलईत गुंडाळलेलं, वर तुझं टोपडं. चिंध्यांना वजन नसतं, लोकांना लगेच कळतं.

मुकद्दस : अगं बाई!

एर्गश : आणि... त्या टोप्या?

सलोमत : मीच सांगितल्या तुला. एवढा घोडा झालास तरी दोराला हात लावेनास. म्हटलं, अरे, तू तर तान्हा असतानाच वर जाऊन आलायस. दुसऱ्या दिवशी चढलास.

एर्गश : बाबांना ठाऊक होतं हे?

सलोमत : निवडून त्यांनीच आणलं होतं. नियम त्यांचाच ना.

मुकद्दस : हसू की रडू आता? सकाळपासून जीव टांगलाय माझा, आई. आधी बोलायचंत की!

सलोमत : हा ते इतकं मिरवतो. तोंड उघडवेना. जा रे, बाजारात जा. पुलातएवढं बघ, लांबट. टिचक्या मारत बसू नकोस, गोड नसलं तरी चालेल.

एर्गश : मग मी होतो तरी कुठे?

सलोमत : खाली. मावशीच्या मांडीवर, झोपलेला.

एर्गश : आणि ते खरबूज?

सलोमत : खेळ संपल्यावर कापलं. सगळ्यांनी खाल्लं. तुलाच तेवढे दात आले नव्हते.