आतला कॉम्प्युटर गप्प का

दत्तोबा : पासवर्ड तुमी टाका, इंजिनियर. तिला किबोर्डला हात लावू देऊ नका.

मोहित : आबा, दुधाच्या प्रोग्रॅमचा पासवर्ड रोज दूध मोजून घेणाऱ्या राजेश्वरीताईंनाच माहीत आहे. खरं तर दूध सोसायटीचे चेअरमन म्हणून तो तुम्हालाही माहीत पाहिजे.

दत्तोबा : त्येच म्हणतोय. ह्या केंद्रात चेअरमनला ठाव न्हाय असं काय काय हाय, ते आज कळू दे.

राजेश्वरी : मी नुसती सांगते, तुमी टाका दादा. कपिला. आमच्या गाईचं नाव हाय.

दत्तोबा : गाय तरी हाय का त्या नावाची?

राजेश्वरी : गेल्या उन्हाळ्यात तिला डॉक्टर तुमीच आणून दिलावता, आबा.

दत्तोबा : आणलावता. तवा माणसं वळखू येत न्हवती मला.

मोहित : उघडलं. जरा सरका आबा, उजेड येऊ द्या. आत येताना तुमच्या तोरणाने माझं कपाळ खरवडलं. दसरा होऊन किती दिवस झाले, काढत का नाही?

दत्तोबा : मी बांधलंय, सुटायचं न्हाय. तुमी तोरणाचं सोडा. ह्या पडद्यावर दोन-दोन कॉम्प्युटर कसे दिसतात ते सांगा. टेबलावर तर एकच हाय.

मोहित : हा नवा. त्याच्या पोटात दुसरा चालतो, तो नुसता सॉफ्टवेअरचा, हाताला लागत नाही. दुधातलं फॅट मोजायच्या मशीनचा प्रोग्रॅम जुना आहे, नव्यावर चालत नाही. म्हणून नव्याच्या आत एक जुना बसवलाय. आतला फॅट घेतो, बाहेरच्याला देतो, आणि बाहेरचा लोकांच्या मोबाईलवर मेसेज पाठवतो.

दत्तोबा : पोटात एक आन तोंडावर एक. माणसाची रीत शिकलाय म्हणायचं.

मोहित : आत रोजचं फॅट दिसतंय. बाहेर काहीच पोचलेलं नाही.

दत्तोबा : खंडेनवमीपास्नं एक मेसेज न्हाय गावात. आन त्याच आठवड्यात हिचा भाऊ भिगवणला खासगी डेअरीत लागला. आता ह्यातनं काय समजायचं ते बारामतीच्या शिकलेल्या माणसाला सांगायला पायजे का?

राजेश्वरी : भावानं नोकरी धरली म्हंजे मी फॅट दाबलं व्हय? मेसेज बंद पडल्यावर मी एकेकाला तोंडी फॅट सांगत होते. काल तुमी केंद्राची चावी काढून घेईपतूर.

दत्तोबा : तोंडी काय, मीबी सांगीन. ज्याचं दूध पातळ त्याला जादा, आन ज्याचं दाट त्याला कमी सांगून खासगीकडं वळवायचं. दूधवाला चार गावचं पाणी प्यालेला असतोय, बाई.

मोहित : आबा, मला काम करू द्या. आता आतून बाहेरच्याला हाक मारतो. ही बघा. उत्तर नाही.

दत्तोबा : आन बाहेरनं?

मोहित : बाहेरूनही नाही. दोघं एकाच डब्यात राहतात, पण एकमेकांना दिसत नाहीत.

दत्तोबा : म्हंजे मधी कुणीतरी आडवं पडलंय.

मोहित : कधी कधी फायरवॉल अडवते. ती म्हणजे दारावरचा पहारा. दोन्हीकडचा जरा बंद करून बघतो.

दत्तोबा : थांबा. पहारा बंद? आन तेवढ्यात कुणी शिरलं तर? तुमचा त्या भिगवणवाल्यांशी काय संबंध न्हाय ना?

मोहित : मी तिथे फक्त मासे खायला जातो, आबा. हे बघा, बंद करूनही उत्तर नाही. म्हणजे पहाऱ्याचा दोष नाही. पुन्हा चालू केला. झालं समाधान?

दत्तोबा : निम्मं.

मोहित : हां. आता सापडतंय. आतला म्हणतोय, माझी वायर निघालीय.

दत्तोबा : हाताला न लागणाऱ्याला वायर कशाची?

मोहित : त्याची स्वतःची नाही. नव्याच्या वायरीवरूनच त्याला जोडलाय. तसा पूलच बांधलाय म्हणा. त्या वायरीत जीव नसेल तर आतला मुका होतो.

दत्तोबा : खोटं. नव्यावर नेट चालू हाय. सकाळीच हवामान बघितलं मी.

मोहित : ते वायफायवर. वायर निघाली की नवा न सांगता वायफाय धरतो. आतल्याला ते जमत नाही, त्याचा पूल वायरीवरच बांधलेला. थांबा, मागे बघतो. ताई, इथली निळी वायर कुठंय? मी स्वतः टाकली होती.

राजेश्वरी : मला ठाव न्हाय. मी कधी मागं हातच घातला न्हाय.

दत्तोबा : सापडली चोरी. इतकं दिस मी म्हणत होतो ते खोटं वाटत होतं ना? वायरच पळवली. आता मारुतीच्या देवळात म्होरचं पण सांगतो.

राजेश्वरी : सांगा. तितं मला चोर म्हणून झालंच हाय, आता वायरचोर म्हणा. पर आबा, खंडेनवमीला मी हितं न्हवते. दूध झाल्यावर तुमीच म्हनलावता, पूजा मी करतो, तू घरी जा.

मोहित : पूजा कशाची?

दत्तोबा : कशाची म्हंजे? हत्याराची. शेतकरी औताची करतो, आमी काट्याची, मशीनची, कॉम्प्युटरची. चेअरमनचा मान असतोय. पुसून घेतला, हळदकुंकू लावलं, माळ घातली.

मोहित : पुसताना मागचं काही काढलं?

दत्तोबा : काय न्हाय. पाट मांडायला एक दोरी आडवी येत होती, तेवढी काढली.

मोहित : दोरी?

दत्तोबा : वायर म्हणा. काढली तरी नेट चालूच. म्हनलं, बिनकामाची हाय, उगं धूळ खातीय.

मोहित : आणि ठेवली कुठं?

दत्तोबा : सुतळी संपली होती.

(मोहित खुर्चीवर चढून दारावरचं तोरण सोडतो. सुकल्या झेंडूतून निळी वायर निघते.)

मोहित : गाठ मात्र जबरदस्त मारलीय. टोकं शाबूत आहेत, नशीब. ही बसवली. ताई, या इकडे, आता तुम्हीच हाक मारा. ते बटण.

राजेश्वरी : हात लावू का, आबा?

दत्तोबा : लाव.

राजेश्वरी : उत्तर आलं.

मोहित : दोघांनाही ऐकू येतंय. साठलेले मेसेज आता सुटतील. आबा, तुमचा खिसा वाजतोय.

दत्तोबा : वाजू दे. राजेश्वरी, ही चावी घे.

राजेश्वरी : टेबलावर ठेवा. मला लई राग आलाय, आबा. चावी हातात घेतली म्हंजे तो मिटला असं तुमी समजाल.

दत्तोबा : नको समजू. म्हंजे, मी न्हाय समजणार. इंजिनियर, ह्याच्यावरनं सगळ्या गावाला आपला मेसेज जातोय का?

मोहित : जातो.

दत्तोबा : मग लिवा. वायर चेअरमन दत्तोबानं काढली होती. राजेश्वरीनं कायबी दाबलं न्हवतं. मी चुकीचं बोललो. खाली माझं नाव टाका, संस्थेचं नको.

मोहित : टाकलं. पाठवू?

दत्तोबा : पाठवा. आन देवळात मी उद्या बोलतोच. बोललो तितंच गिळायला पायजे. आता तरी झालं का, पोरी?

राजेश्वरी : सासूबाईंना वाचता येत न्हाय. देवळात पण त्या येत न्हाईत, गुडघे धरल्यात. पर तुमचं बोलणं त्यांच्यापतूर पोचलं होतं. त्या दिसापास्नं त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला न्हाय.

दत्तोबा : प्रयागबाईनं?

राजेश्वरी : काय बोलत न्हाईत. उठून आपला आपण करून घेत्यात.

दत्तोबा : चल. मी येतो घरी. तू चहा टाक. पहिला कप मला दे, तिच्यासमोर.