मूठ वळ बघू

हेडमास्तर गुरुजी, शाळेतली मंडळी, आणि काष्टी गावच्या माझ्या आयाबायांनो,

दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून तुम्ही परस्पर इथं आलात. घरी हंडा भरलेला नाही, तरी या शोकसभेला आलात. यमुनाबाई तुमच्या पोरांच्या बाई होत्या. माझी ती अक्का. मी तिची धाकटी बहीण, सुशीला. नगरला शिवणाचे वर्ग घेते. सभेत बोलायची मला सवय नाही. पण गुरुजी म्हणाले, घरचं कुणीतरी बोललं पाहिजे.

आत्तापर्यंत सगळे बोलले. बाई किती सोशिक होत्या, वाकड्या बोटांत खडू कसा धरायच्या, तरी अक्षर कसं टपोरं काढायच्या. सगळं खरं. मग मी तरी खोटं कशाला बोलू? ऐकताना मला तिचा हेवा वाटत होता. रडून रडून डोळे सुजलेत माझे, तरी हेवा वाटत होता. जन्मभर वाटला, आज बरा थांबेल?

तुम्ही म्हणाल, संधिवातानं हातपाय वाकडे झालेल्या बाईचा कसला हेवा? त्या संधिवाताचाच.

आमच्या आईला तोच होता. अक्काला ऐन विशीत त्यानं धरलं. मी तेव्हा परकरी पोर. सकाळी दोघींची बोटं आखडून गेलेली असायची. चुलीपुढं परातीत मीठ घातलेलं कढत पाणी, आणि त्यात दोघींचे हात. पाणी मी तापवायचं. परात मी मांडायची. मग आई मला जवळ बोलवायची आणि म्हणायची, "मूठ वळ बघू." मी वळायची. घट्ट. आई माझं एकेक बोट चाचपायची, सुस्कारा टाकायची. "व्हय, वळती. जा आता, अंगण झाडून काढ." झालं. मी बाहेर. त्या दोघी आत, हळूहळू बोलत, हसत. मला वाटायचं, मूठ वळली नसती तर मलाही तिथं बसू दिलं असतं.

एकदा देवापुढं मी त्यांच्यासारखीच बोटं वाकडी करून हात जोडले. आईनं फाडकन मुस्काटात दिली. "नीट जोड हात!" दुखऱ्या हातानं मारलं, तीच कळवळली. अक्का धावली आणि तिनं आईचा हात कुरवाळला. माझा गाल नाही. आईचा हात.

पुढं मी मोठी झाल्यावर नगरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी आम्हा तिघींचं रक्त घेतलं. म्हणाले, हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो. माणूस जन्मतानाच रक्तात काही खूण घेऊन येतो का, ते आता शोधताहेत. अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. आणि खूण असली म्हणजे रोग होईलच, असंही नाही. आई मध्येच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, शोधायचं काय त्यात? थोरली माझ्यावर गेलीय. ही धाकटी बापावर. हिला काय बी व्हायचं न्हाई." किती ठासून म्हणाली! तपासणीतही तसंच निघालं. त्या दोघींच्या रक्तात संधिवाताचा दोष दिसला, माझ्या रक्तात नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडले. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका म्हणाल्या, बिचारीला मोठं दुखणं निघालं वाटतं. काय सांगणार होते मी त्यांना?

आई गेली. मग अक्कानं तेच सुरू केलं. मी नगरहून एसटीनं यावं, पिशवी खाली ठेवायच्या आत ही म्हणणार, "सुशे, मूठ वळ बघू." मला राग यायचा. वाटायचं, ही मला हिणवते. तू आमच्यातली नाहीस, हे दर खेपेला ऐकवते. मी म्हणायची, "तू काय आई लागून गेलीस?" ती नुसती हसायची.

शेवटच्या दिवशी मी तिच्या उशाशी होते. ताप छातीत उतरला होता. तिनं डोळे उघडले, ओठ हलले. मला वाटलं, पाणी मागतेय. तर म्हणाली, "मूठ वळ." मी वळली. तिनं आपली वाकडी बोटं माझ्या मुठीवर ठेवली. बराच वेळ चाचपत राहिली. मग म्हणाली, "वळती. आईला सांगते. तुझ्यापायी लई भीत हुती ती."

भीत होती! आयाबायांनो, स्वतःचं अंग ठणकत असताना आई रोज आधी माझी मूठ बघायची. आणि मी समजत होते, मला हाकलते.

आता हे कळलं, म्हणून हेवा गेला का? नाही गेला. आता तिकडं परात मांडली असेल. पुन्हा त्या दोघीच बसल्या असतील. आईला माझी खुशाली सांगायला तिथंही हीच आधी पोचली.

आता आपण सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणी बोलू नका. आज हात जोडू नका. अक्काचे हात कधी नीट जुळलेच नाहीत. ज्यांची वळते त्यांनी मूठ वळा. ज्यांची वळत नाही, त्यांनी शेजारच्या मुठीवर हात ठेवा.

अक्का, बघ गं. वळते. सांग तिला.