चिमटीतली नळी

दवाखान्याच्या बाकावर धनश्री नवऱ्याच्या रिपोर्टची वाट बघत बसली होती. शेजारी एक सासू आणि तिचा जावई बसले होते. सासूची लेक सुरेखा आत सलाईनवर होती.

“सिस्टर तुमच्यावर का वरडली, जावई?”

“सलाईनची नळी चिमटीत दाबून बघितली, म्हनून.”

“ती कशापायी?”

“हाताची सवय, मामी. आमच्या नागापूरच्या कंपनीत असल्याच नळ्या निघत्यात. मऊ हाय का कडक, रोज दाबून बघावं लागतं.”

“प्लास्टिक आन् मऊ?”

“त्यात तेल घालत्यात. सोयाबीनचं, पर रसायनं घालून बदललेलं. त्यानं प्लास्टिक मऊ ऱ्हातं, तापवताना करपत न्हाई.”

“आपल्या शेतातल्या सोयाबीनचं?”

“कुनाच्या तरी शेतातल्या.”

“भाजीला चालतं का मग?”

“न्हाई मामी, ते खायाचं न्हवं.”

“बरं. नळी मऊ हाय ना पर?”

“एकदम मऊ हाय.”

“आन् सुरेखाचा हात? गार हाय का ऊन?”

जावयानं आपल्याच चिमटीकडं बघितलं.

“बघितला न्हाई?”

“त्यो न्हाई बघितला.”

“मग जावा. आता हात धरून बसा. सिस्टर न्हाई वरडायची.”

धनश्रीनं पाय आखडून त्याला वाट दिली.