कंपाउंडरचं नाव

(दुपार. स्वयंपाकघरातलं टेबल. पलीकडच्या खोलीत बाबा झोपले आहेत.)

लेक : बरं, पद्माकर?

आई : नको. काकांचा साडू पद्माकर आहे. जाब विचारायला दारात येऊन बसेल.

लेक : मग चिंतामण.

आई : औषध देणारा चिंतामण? पेशंट आधीच अर्धा होईल.

लेक : आई, दोन पानांचं पात्र आहे गं. कंपाउंडर येतो, चुकीची बाटली देतो, जातो. कथा त्या पेशंटच्या बायकोची आहे. शुक्रवारी मासिकाला पाठवायची, आणि मी या नावापाशी अडकलेय.

आई : नाव काहीही ठेव, गल्ली ह्यांनाच ओळखणार. तेवीस वर्षं झाली, अजून ह्यांच्याकडून कोणी साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही.

लेक : म्हणून तर लांबचं नाव शोधतेय. बाबांनी वाचली तर त्यांनाही लागायला नको.

आई : ते वाचणारच. तू लिहिलेलं सोडतात का कधी? तेवढा भाग वाच बघू.

लेक : "जनार्दनने विश्वासची बाटली गजाननच्या हातात ठेवली..." जनार्दन तूर्तास घातलंय.

आई : थांब. विश्वास आणि गजानन कोण?

लेक : दोघे पेशंट.

आई : दोघांची नावं वेगळी?

लेक : मग? एका कथेत दोघांना एकच नाव देत नाहीत. कोण कुठला ते कळत नाही.

आई : दोघंही श्रीरंग होते.

लेक : कोण?

आई : खरे पेशंट. एकाच सकाळी आलेले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं नाव लिहिलं, आडनाव नाही. ह्यांनी हाक मारली आणि बाकावरून भलताच श्रीरंग उठला.

लेक : मला हे कोणी सांगितलं नाही.

आई : तू विचारलंस कधी? गल्लीत ऐकलंस ते लिहिलंस.

लेक : बाबांनी तरी बोलायचं.

आई : ते म्हणाले, हाक मी मारली, आडनाव मी विचारायला हवं होतं. माणूस गेल्यावर कारणं काय सांगायची? पण तुझ्या कथेत नावं वेगळी, म्हणजे चिठ्ठ्यांवरही वेगळीच. तरी तो चुकतो. म्हणजे नुसता बेफिकीर ठरतो.

लेक : ...हो. तसाच ठरतो.

आई : कंपाउंडरला हवं ते नाव दे. ह्यांचं दिलंस तरी चालेल. पेशंटांची बदल.

लेक : दोघंही श्रीरंग? आई, वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

आई : होऊ दे.